अंगावरचं झबलं

"नवीन नको, बा. त्याच्या अंगावरचंच द्या," शेवंती म्हणाली.

ती पाटावर पाय पसरून बसली होती आणि नडग्यांवर बाळ पालथं घातलं होतं. घाटकोपर पूर्वेच्या त्या ऐसपैस ब्लॉकमधली गुजराती आजी, जिला घरात सगळे बा म्हणत, हातात पाकीटबंद झबलं घेऊन उभी होती.

"अरे शेवंतीबेन, हे टॅगवालं देते तर ते धुवून धुवून विटलेलं कशाला मागते?"

"माझ्या लेकीचं पहिलं आहे, बा. पहिल्या बाळाला आमच्यात पहिल्या दिवशी नवं घालत नाहीत. दुसऱ्याच्या धडधाकट पोराच्या अंगावरचं उतरलेलं घालायचं. ते पण मागून आणायचं. मग पोर जगतं, वाढतं."

बा हसली, आत गेली आणि निळ्या बंदांचं एक मऊ झबलं घेऊन आली. शेवंतीने तेलकट हाताने ते घेतलं नाही. "पिशवीत टाका माझ्या," म्हणाली आणि पोराच्या पाठीवर पुन्हा हात फिरवायला लागली.

बाळंतिणीला आणि बाळाला मालिश करायची, न्हाऊ घालायचं, धुरी द्यायची आणि पुढच्या घरी जायचं, हा शेवंतीचा उद्योग. नवऱ्याचा, चंद्रप्रकाशचा, छापखाना बंद पडला तेव्हा तिने हे काम धरलं आणि पुढे तेच घर चालवू लागलं. तिच्या हाताखालून गेलेली कितीतरी पोरं आता घाटकोपरात बाइक उडवत फिरतात आणि तिला ओळख देत नाहीत. त्यांचा तरी काय दोष? तिला पाहिलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत साबण गेलेला होता.

इतक्या वर्षांत तिने कुणाच्या घरून पगार आणि चहा याखेरीज काही घेतलं नव्हतं. साडी दिली तर पुढच्या वेळी कामाला हक्काने राबवतात, हे तिला ठाऊक होतं. पण श्रुतिकाला दिवस गेले आणि शेवंती मागायला लागली. एका घरून एकच झबलं घ्यायचं. जे पोर काचेच्या पेटीत ठेवावं लागलं होतं त्याच्या घरी मागायचं नाही, जे अंगाला लागत नाही त्याच्याही घरी नाही. निवडून, पारखून, गुटगुटीत पोरांचं घ्यायचं. घरी आणलं की ती ते पुन्हा धुवायची, कडुलिंबाच्या पाल्यात ठेवायची आणि तुटलेला बंद असेल तर नवा लावायची.

ज्यांच्याकडे पैसा असतो ती माणसं बाळ झाल्यावर एका दुपारी मॉलमधून सगळं घेऊन येतात. ज्यांच्याकडे नसतो त्यांना पहिल्या उलटीपासूनच कामाला लागावं लागतं. शेवंतीने एका महिन्यात डिंक घेतला, पुढच्या महिन्यात खारीक, त्याच्या पुढच्या महिन्यात साजूक तुपाचा लहान डबा. दुपट्यांसाठी सुती साडी शोधायला गेली तर कपाटात सगळ्या सिंथेटिक. शेवटी आईचं एक नऊवारी लुगडं ट्रंकेच्या तळाशी होतं, तेवढी एकच आईची वस्तू उरली होती. तिने ते सरळ कात्रीने फाडलं. वाईट वाटलं का, तर वाटलं. पण दुपटी इतकी मऊ झाली की तिने एक गालाला लावून पाहिलं आणि मग कुणी बघितलं तर नाही ना म्हणून दाराकडे पाहिलं.

चंद्रप्रकाशही गप्प बसला नव्हता. डोंगरउतारावरच्या चाळीत त्यांची एकच खोली, संडास खाली गल्लीच्या टोकाला. हा दिवसा एका बिल्डिंगच्या गेटवर वॉचमन. कुणा आजारी म्हाताऱ्याची खुर्ची, बसायच्या जागी भोक आणि खाली डबा असलेली, त्या बिल्डिंगमधून भंगारात निघाली तेव्हा त्याने ती मागून घेतली. घासली, ब्लीचने धुतली, पायांना रबराची बुचं लावली. मोरीला नायलॉनची दोरी बांधून फुलाफुलांचा पडदा सोडला.

"चेडवाक रात्रीचा खाली उतरूक नको," तो म्हणाला. "टाके असतले तेका."

"तुम्ही कुठे झोपाल मग?"

"बाहेर. गॅलरीत. माझा काय, मी खंयय झोपतंय."

खोलीत कोपरा साफ केला, तुळईच्या जुन्या कडीला तेल घातलं. श्रुतिका याच कडीला टांगलेल्या झोळीत वाढलेली. पहिलं बाळंतपण माहेरी, हे कुणी ठरवायचं नसतंच. ते ठरलेलंच असतं, असं दोघांनी धरलं होतं. इथेच त्यांचं चुकलं.

सातव्यात श्रुतिकाच्या सासरी, कांदिवलीला, डोहाळजेवण होतं. तिथूनच लेकीला घेऊन यायचं म्हणून शेवंती निघाली. एका हातात ओटीचं सामान, दुसऱ्यात झबल्यांचं गाठोडं. गाठोडं तिने पिशवीत कोंबलं नाही, कपडे चुरगळले असते म्हणून.

श्रुतिकाच्या सासूबाई, मीराताई, बाई तशी वाईट नाही. पाच-सहा वर्षांपूर्वीपर्यंत त्याही परळला चाळीतच होत्या. आता कांदिवलीत वन रूम किचन, त्याचे हप्ते, आणि हप्ते चुकू नयेत म्हणून जावई राजेशच्या दोन-दोन नोकऱ्या. सोफ्याच्या हातांवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. नुकतंच वर चढलेल्या माणसाला खालच्या पायरीची जेवढी भीती वाटते, तेवढी खालच्यालाही वाटत नाही.

हॉलमध्ये भाड्याचा झोपाळा, फुलांचे दागिने घातलेली श्रुतिका, तिच्या हातात थर्माकोलचा धनुष्यबाण. सोसायटीतल्या बायका मोबाइल सरसावून बसलेल्या. ओट्या झाल्या, पेढा-बर्फीच्या वाट्या झाल्या, हसणं-खिदळणं झालं. मग कुणीतरी म्हणालं, "माहेरहून काय आणलंय, दाखवा की."

शेवंतीला तेवढंच हवं होतं. तिने गाठोडं सोडलं आणि एकेक झबलं मांडीवर पसरू लागली. तिचा आवाज नकळत चढला होता.

"हे डॉक्टरीणबाईंच्या मुलाचं, सहा महिन्यांचा असताना दोन हातांनी उचलवत नव्हता असा जड. हे जुळ्यातल्या थोरल्याचं. हे एका गुजराती घरातलं, अजून एकदासुद्धा सर्दी नाही त्या पोराला. सगळी मागून आणलीत. एकही विकतचं नाही."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. समोरच्या ब्लॉकमधली राणेवहिनी सरळ मनाने म्हणाली, "अगंबाई, एवढ्या घरांतनं? तुमची कशी ओळख सगळ्यांशी?"

शेवंतीने तोंड उघडलं. पण झोपाळ्यावरून श्रुतिकाच घाईघाईने बोलली, "आई हॉस्पिटलमध्ये असते ना. मॅटर्निटीला. मी सांगितलेलं की तुम्हाला."

शेवंतीने लेकीकडे पाहिलं. लेक धनुष्यबाणाची दोरी नीट करत होती. शेवंतीने उघडलेलं तोंड मिटलं, झबली एकावर एक ठेवली आणि गाठ मारली. गाठ दोनदा सुटली.

जेवणं झाल्यावर स्वयंपाकघरात दोघीच सापडल्या.

"आई, तुला ते सगळं कुठल्या घरचं, कुठल्या पोराचं, सांगायची काय गरज होती?"

"चोरून आणलंय का मी?"

"मागून आणलंयस."

"मागूनच आणायचं असतं गं. तुलासुद्धा मागूनच आणलेलं घातलं होतं."

"तिकडे, आई. इथे नाही चालत." श्रुतिकाने सिंकचा नळ सोडला, म्हणजे बाहेर आवाज जाऊ नये. "आणि मी आज येत नाहीये. बाळंतपण इथेच करायचं ठरलंय. हॉस्पिटल जवळ पडतं."

"बाबांनी मोरीला पडदा केलाय. खुर्ची आणलीय. तुला खाली जायला नको."

"माहितीय. फोटो पाठवला बाबांनी." तिचा चेहरा एकदम वाकडा झाला, लहानपणी व्हायचा तसा. "तो फोटो राजेशने पाहिला. हसला असता ना, तर मी भांडले असते त्याच्याशी. तो हसला नाही. नुसता बघत राहिला, मग फोन मला परत दिला. मला कसं झालं असेल, सांग ना."

शेवंतीला राग आला, आणि लेकीची दयाही आली, आणि दोन्हींचं काय करायचं ते कळेना. तिने नळ बंद केला. पाणी फुकट जात होतं.

"बरं. मग मी येते इथे. रोज सकाळी, आंघोळीपुरती. बाळाला मी न्हाऊ घालीन, दुसरं काही नको मला."

श्रुतिका काही बोलायच्या आत मीराताई दारात उभ्या होत्या. "छे छे, विहीणबाई, भलतंच काय? तुम्ही आमच्या पाहुण्या. तुम्हाला कामाला लावलं असं होईल. लोक काय म्हणतील आम्हाला?"

बोलणं इतकं मानाचं होतं की त्याला उलट उत्तर देता येईना. शेवंती हो म्हणाली. गाठोडं तिथेच ठेवलं. निदान पहिल्या दिवशी एक तरी घाला, एवढं लेकीच्या कानात सांगितलं.

ती परतली तेव्हा चाळीच्या गल्लीच्या तोंडाशी चंद्रप्रकाश उभा होता, इस्त्रीचा शर्ट घालून. लेकीची बॅग उचलायला आला होता.

"चेडू खंय?"

"येत नाहीये ती."

त्याने शर्टाच्या बाह्या दुमडल्या. मग म्हणाला, "बरा झाला. हय डास लय आसत." घरी जाऊन त्याने पडदा काढला नाही. खुर्चीही ठेवून दिली. पुढे तिच्यावर कपडे वाळत पडायला लागले.

मुलगा झाला. सिझेरियन, पण दोघंही सुखरूप. शेवंतीने त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो दुकानातल्या पांढऱ्याशुभ्र सेटमध्ये गुंडाळलेला होता, टोपीसकट. बारशाला ती पाहुणीसारखी गेली, पाहुणीसारखी जेवली. नंतरही दोनदा जाऊन आली, पण जायची ती दुपारी, तिची सकाळची घरं आटपून. तोवर तो न्हाऊन, धुरी घेऊन झोपलेला असायचा. झोपलेल्या पोराला उचलू नये, हे तीच जन्मभर लोकांना सांगत आलेली. मग काय, बसायचं त्याच्याकडे बघत आणि निघायचं.

सव्वा महिना व्हायला आला तेव्हा तिने एक दिवस पहिल्या घरी खाडा केला आणि सकाळीच कांदिवली गाठली. मोठ्या मुश्किलीने बांधलेले डिंकाचे लाडू हातात होते. ते निमित्त होतं. खरं म्हणजे तिला तिथे येणाऱ्या बाईची चूक पकडायची होती. पाणी जास्त कढत घेते, मान सांभाळत नाही, टाळूवर तेल नुसतं फासते, काहीतरी सापडेलच, आणि मग ती म्हणणार होती, नको हो अशी बाई, उद्यापासून मीच येते.

मालिशवाली सुंदराबाई मूळची घाटावरची, चाळिशी उलटलेली. बाथरूमच्या उंबऱ्याशी पाय पसरून बसलेली. शेवंती स्टुलावर बसली आणि बघत राहिली. बाईने कोपराने पाणी तपासलं, पोराच्या मानेखाली तळवा घातला, तोंडावर थेंब न येऊ देता डोकं धुतलं. पोर रडायला लागलं की त्याच्या रडण्याच्याच चालीवर ती काहीतरी गुणगुणायची आणि ते थांबायचं. शेवंतीने शेवटपर्यंत नजर हलवली नाही. एक चूक सापडली नाही. बाईचा हात चांगला होता. याचं वाईट वाटावं, याची तिला लाज वाटली, आणि तरीही वाईट वाटायचं राहिलं नाही.

धुरी झाली. पोराला दुपट्यात गुंडाळून सुंदराबाई हॉलमध्ये घेऊन आली. मीराताई होत्या, श्रुतिका होती, राणेवहिनीही बाळाला बघायला आलेली. सुंदराबाई जरा घुटमळली.

"ताई, एक मागू का? माझ्या लेकीला, शीतलला, आठवा लागलाय. पहिलंच हाय तिचं. बाळाच्या अंगावरचं एक झबलं द्याल तर लई बरं होईल."

मीराताईंचा चेहरा खुलला. "एक कशाला? थांब." त्या स्टुलावर चढल्या, माळ्यावर हात घातला आणि गाठोडं खाली काढलं. शेवंतीने मारलेली गाठ तशीच होती. "घेऊन जा सगळं. पडूनच आहे."

मग त्यांची नजर शेवंतीकडे गेली. एक क्षण त्यांचा हात हवेतच थांबला. पण द्यायचं म्हणून बोलून झालं होतं. त्या म्हणाल्या, "नाहीतरी चांगल्या कामालाच येतंय. हो की नाही, विहीणबाई?"

"हो ना," शेवंती म्हणाली.

सुंदराबाईने गाठ सोडली, वरचं झबलं हातात घेतलं, कापड चाचपलं. "ह्या बाळाच्या अंगावरचं हाय न्हवं, ताई? घातलेलंच लागतं, म्हणून विचारते."

"हो हो, जुनंच आहे सगळं," मीराताई म्हणाल्या.

"नाही," शेवंती म्हणाली. "दुसऱ्यांचं आहे. याच्या अंगाला नाही लागलेलं."

सुंदराबाई झबलं धरून अवघडून उभी. तेव्हा शेवंती उठली. तिने गाठोड्यातून निळ्या बंदांचं झबलं काढलं, सुंदराबाईच्या हातून नातवाला घेतलं आणि सतरंजीवर पाय पसरून बसली. बाहीतून आपली दोन बोटं उलटी घातली, पलीकडून त्याची मूठ धरली आणि अलगद ओढून घेतली. मग दुसरी मूठ. बंद बांधले. पोर रडलं नाही. झबलं त्याला बरोबर बसलं. शेवंतीने त्याच्या पोटावर हात ठेवला, तो श्वासाबरोबर वरखाली होत राहिला.

"आई, काढ ना आता," श्रुतिका हळूच म्हणाली. "रॅश येईल त्याला."

"काढते."

सुंदराबाई मात्र तिच्या बोटांकडे बघत होती. "ताई, तुम्ही बी ह्याच लायनीत हायसा काय?"

राणेवहिनी सोफ्यावर होती. श्रुतिकाने मान खाली घातली आणि ती खाली तशीच राहिली. शेवंतीने बंद सोडायला घेतले.

"नाही हो. मी हॉस्पिटलात असते. मॅटर्निटीला."

झबलं काढून तिने घडी घातली आणि सुंदराबाईला दिलं. "हे आता त्याच्या अंगावरचं झालं. पहिल्या दिवशी हेच घालायला सांगा लेकीला."

मीराताईंनी नवा सेट आणला. पोराला त्यांनी घेतलं.

लिफ्टमध्ये दोघी बरोबरच होत्या. गाठोडं सुंदराबाईच्या काखेत. लिफ्ट दोन मजले उतरली. मग सुंदराबाई म्हणाली, "खोटं बोललात न्हवं वर?"

"हो."

"बोलायचं. आपलं काय जातं? माझी शीतल सासरी सांगते, आई ब्युटी पार्लरात हाय म्हणून. मी तिच्याकडं जाते तवा मुद्दाम पावडर लावून जाते."

दोघी हसल्या. लिफ्टच्या आरशात हसताना दिसल्या तशा थांबल्या.

गेटबाहेर आल्यावर शेवंतीने पदराच्या टोकाशी चाळा करत विचारलं, "बाई, एक काम कराल? उद्या त्याला न्हाऊ घालायच्या आधी मला फोन लावाल, आणि तसाच बाजूला ठेवून द्याल? बोलायला नको काही. नुसतं ऐकीन मी. तो रडतो, तुम्ही गुणगुणता, ते सगळं."

सुंदराबाईने लगेच नंबर घेतला आणि आपलाही दिला. "लावते की. कुणाला कळत बी न्हाई."

दोघीही इतक्या वर्षांच्या जुन्या मालिशवाल्या. पण आंघोळीची वेळ सगळ्या घरांत एकच असते, हे त्या घडीला दोघींपैकी एकीलाही सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेवंती घाटकोपरातल्या एका नव्या घरी पाटावर बसली होती. नवीन बाळ, जेमतेम आठवड्याचं. दोन्ही हात कोपरापर्यंत तेलाने माखलेले, पोर नडग्यांवर उताणं, फोन पाटाशेजारी फरशीवर. तो वाजला. पडद्यावर सुंदराबाईचं नाव आलं. शेवंतीने हात उचलले, तेलाकडे पाहिलं, पोराकडे पाहिलं. पोर सोडता येत नव्हतं.

"मावशी, तो फोन बंद करा हो आधी," बाळाची आई पलंगावरून म्हणाली. "दचकतोय तो."

"माझे हात..."

बाळाची आई स्वतःच वाकली, फोन उचलला, कट केला आणि पालथा ठेवला. पोर खरोखरच दचकून रडायला लागलं होतं. शेवंतीने बादलीत कोपर बुडवून पाणी पाहिलं, एक तांब्या गार मिसळलं आणि रडणाऱ्या पोराच्या मानेखाली हात घालून त्याच्या अंगावर पाणी घातलं.

"झालं हं, झालं, सोन्या," ती म्हणत राहिली.